दुनळीचं तोंड कुणीकडे

माझं डोकं पहिल्यापासून तापट. चौथीत वेणी ओढली म्हणून एकाला कंपासपेटी फेकून मारली होती. रोह्यात लोक ते अजून सांगतात, आणि सांगताना पेटी दरवेळी थोडी मोठी करतात. अशा मला बंदुकीचं दुकान चालवायचं होतं.

दुकान बाबांचं. बाजारातला एक गाळा, भिंतीशी साखळीत ओवून उभ्या केलेल्या बंदुका, काचेच्या कपाटात काडतुसं, कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. रानडुकरं एका रात्रीत भाताची वाट लावतात, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढून बंदूक बाळगणारे. एकोणीसशे नव्वद उलटल्यावर बाबांचे गुडघे गेले आणि दुकानाच्या परवान्यावर माझं नाव चढवायचा विषय निघाला. अर्ज आणला, मी तो भरला, पण बाबा काही सही करून अलिबागला कलेक्टर कचेरीत पाठवेनात. मी बाई म्हणून नव्हे, हे मला ठाऊक होतं. माझ्या डोक्यापायी. एक दिवस म्हणाले, "नवा बोर्ड करायचा हाय. त्यावर दुकानाचं चिन्ह पायजे, तेच बिलबुकावर छापू. तू ठरव, पेंटरशी तूच बोल. मी मध्ये पडणार नाय."

बाबा मध्ये पडणार नाहीत म्हणजे कोपऱ्यात बसून सगळं बघणार. माझी परीक्षाच होती ती.

पेंटर म्हणजे पेणजवळच्या जोहे गावचे एक काका. गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखलेले. त्यांचा हात बघून बाबा भाळले होते. काकांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तीन चित्रं काढून आणली आणि काउंटरवर मांडली. पहिल्यात दुनळी बंदूक, समोरून. दोन काळी भोकं थेट माझ्या छातीवर. दुसऱ्यात मिशीवाला शिकारी, त्यानंही नेम माझ्यावरच धरलेला. तिसऱ्यात रानडुकराचं तोंड. काय सांगू त्या डुकराचे डोळे! इतके मायाळू की त्याला गोळी घालण्याऐवजी एखाद्यानं मोदक दिला असता.

आमच्या दुकानात एक नियम होता, मी बोलायला लागले तेव्हापासूनचा. बंदूक रिकामी असो, नादुरुस्त असो, तिची नळी माणसाकडे करायची नाही. चुकून कुणी केली तर बाबा हातातला चहा तसाच ठेवून उठायचे. आणि इथे बाजारात येणाऱ्या प्रत्येकावर आमचा बोर्ड बंदूक रोखणार! पण मी गोड आवाजात म्हटलं, "काका, चित्रं झकास. फक्त तोंड बाजूला करा."

पुढच्या आठवड्यात काका आले. शिकाऱ्याचं अंग बाजूला वळलं होतं, मान मात्र परत समोर. मी म्हटलं, "बाजूला करा ना काका." त्याच्या पुढच्या आठवड्यात डुक्कर एका अंगानं उभं, तरी त्याचे दोन्ही डोळे माझ्याकडे. आणि बंदूक आडवी टेबलावर ठेवलेली, पण टेबलच असं तिरकं काढलेलं की नळी पुन्हा समोर!

माझा तोल गेला. खांब गावाहून आलेले दोन शेतकरी दुकानात उभे होते, त्यांच्यासमोर मी ओरडले, "काका, तुम्हाला मराठी कळत नाय काय? हे तिसऱ्यांदा सांगतेय! लहान पोराला पण जमेल!"

काकांनी कागदांची सुरळी केली, पिशवीत घातली, आणि आलेला चहा तसाच ठेवून गेले. शेतकरी छताकडे बघत राहिले.

ते गेल्यावर बाबा बोलले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "आपल्याकडं मानूस कदी कदी बांधावरनं भांडून तापून येतो. काडतुसं मागतो. त्याला बसवायचा, पाणी द्यायचं, डुकराच्या, पावसाच्या गोष्टी काढायच्या, आन् थंड करून रिकाम्या हातानं घरी पाठवायचा. तूच तापलीस तर त्याला थंड कोन करणार गो?"

मला रडू आलं. रागाचं नव्हे, खरंखुरं. म्हणजे अर्ज काही जात नाही, एवढं मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पेण आणि पुढे जोहे गाठलं. श्रावण चालू होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ओळीनं गणपती बसलेले, रंगलेले, नटलेले, पण डोळ्यांच्या जागी नुसता कोरा रंग. काका पाटावर बसून एकेकाचे डोळे आखत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? बस तिकडं. आता बोलू नको, हात चालू हाय."

मी बसले. तासभर, दीड तास, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्या आयुष्यात असं आधी झालं नसावं. काका एक रेघ ओढायचे, मग मागे सरकून घरातलं माणूस मूर्तीपुढे जिथे बसेल तिथे बसायचे, आणि देव आपल्याकडे बघतोय ना ते तपासायचे. बघत नसला तर पुसून पुन्हा. शेवटी कुंचला धुताना म्हणाले, "तोंड फिरवलेला देव कोन घरात नेल? चाळीस वर्सं मी समोरच बघायला लावतोय. माजा हात वळतच नाय गो बाय. मला काय तुजा अपमान करायचा नव्हता."

मला इतकी लाज वाटली. "चुकलं माझं काका," म्हटलं, आणि मग आमच्या दुकानाचा नियम त्यांना सांगितला. नळी माणसाकडे का करायची नाही, बाबा चहा टाकून का उठतात, सगळं.

काका कुंचला झटकत म्हणाले, "मंग ह्ये पैलंच का नाय सांगितलंस? नुसतं आपलं बाजूला करा, बाजूला करा!"

खरंच की. तीन आठवडे मी हुकूम सोडत होते, त्यामागचं कारण एकदाही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं हसलो, आणि त्या दिवशी मी चहाबरोबर त्यांच्या घरची भाकरीही खाल्ली.

गणपती गेल्यावर काका रोह्याला आले. मी एक दुनळी साखळीतून काढली, मधून उघडली, रिकामी असल्याची खात्री करून दाखवली, आणि काकांना दस्त्याच्या, म्हणजे मागच्या बाजूनं नळ्यांतून उजेडाकडे बघायला सांगितलं. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग जोरात म्हणाले, "अगो, हिला डोळे हायत!"

तेच त्यांनी काढलं. उघडलेली दुनळी, मागून बघितलेली, आणि दोन नळ्यांतून आरपार दिसणारे उजेडाचे दोन गोल. नळी बघणाऱ्यापासून दूर, आणि तरी चित्र बघणाऱ्याशी बोलतंय. मी खूश होते. पण प्रत्येक गोलावर त्यांनी एक बारीक वाकडी रेघ ओढली होती. नको ती रेघ, असं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "काका, ही रेघ कशासाठी?"

"छाया हाय ती," काका म्हणाले.

छाया कसली, पापणी होती ती, आंधळ्यालाही कळलं असतं. मी म्हटलं, "राहू दे. बरी दिसते."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "म्हंजे आता बोर्डावरची नळी आतल्या माझ्याकडं!"

मुद्दाम खोचक. कान तापले माझे. तरी मी शांतपणे म्हटलं, "बाबा, उघडी बंदूक हाय. आरपार उजेड दिसतोय. बसा खुशाल."

बाबांनी चित्र हातात घेतलं, लांब धरून बघितलं, काकांना परत दिलं. मग ड्रॉवर ओढला, माझा अर्ज काढला आणि त्यावर सही केली.

"सोमवारी अलिबागला जाऊ," म्हणाले. "तीन फोटो काढून आण. आन् फोटोत कपाळाला आठी नको, साहेब घाबरंल."