पिंपातलं पाणी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते हळूहळू विसरलो. ओकच्या लाकडाच्या एका पिंपाची तक्रार मात्र अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा ॲरिझोनात, चँडलरच्या बाजूला डिटेक्टिव्ह होतो. शाळकरी वयात आई-वडिलांबरोबर पुण्याहून इकडे आलो. मराठी बोलता-लिहिता येणारा खात्यात मी एकटाच, त्यामुळे मराठी आडनाव दिसलं की फाइल माझ्याच टेबलावर यायची.

तक्रारदार चिप कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर. स्कॉचचे मोठे शौकीन. स्कॉटलंडला गेले असताना त्यांनी तिथले स्वतंत्र बॉटलर पाहिले. ही माणसं स्वतः दारू गाळत नाहीत. दुसऱ्यांच्या डिस्टिलरीतून निवडक पिंपं विकत घेतात, वर्षानुवर्षं मुरवतात आणि एकेका पिंपाची व्हिस्की वेगळी बाटलीबंद करून आपल्या नावाने विकतात. तेच इथे करायचं त्यांनी ठरवलं. इथे मुरलेल्या मालाला स्कॉच म्हणता येत नाही, पण पद्धत तीच. ऑफिसातला नागपूरचा एक तरुण सहकारी भागीदार झाला. दोघांनी गावाबाहेर छोटं गोदाम घेतलं आणि शेरी वाइनच्या जुन्या पिंपांमध्ये जवाची कोरी, न मुरलेली दारू भरून ठेवली.

सगळ्यात जुनं पिंप बाटल्यांत भरायची वेळ आली, तेव्हा दोघांनी नमुना काढून चाखला. चव पाणचट. अल्कोहोलची ताकद मोजली, तर भरताना होती त्यापेक्षा बरीच कमी. पिंप मात्र जवळजवळ काठोकाठ भरलेलं.

"आतला माल माझ्या भागीदारानेच काढून विकला आणि पाणी भरलं," तक्रारदार ठामपणे म्हणाले. "चावी आमच्या दोघांकडेच आहे. बायको माझी चावी घेऊन अधूनमधून गळती बघून येते, पण तिला दारूचा वाससुद्धा सहन होत नाही."

त्याच आठवड्यात मराठी मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला. भागीदाराने दिवाळीच्या पार्टीत लेबल नसलेल्या बाटलीतून व्हिस्की पाजली होती. खबर खरी निघाली.

मी त्याला चौकशीला बोलावलं. हक्क वाचून दाखवले. तो घामाघूम झाला होता.

"सर, ते सॅम्पल होतं. दोघांनी मिळून काढलेलं, अर्धं दादांच्याही घरी आहे. चेक करा ना! मी व्हिसावर आहे यार, अरेस्ट झाली तर माझं सगळं संपलं."

"मग ताकद कमी कशी झाली? मुरताना उडूनही जाते म्हणतात."

"उडते, पण इथे उलटं होतं. स्कॉटलंडच्या दमट हवेत अल्कोहोल जास्त उडतं, स्ट्रेंथ उतरते. आपल्या या कोरड्या हवेत पाणीच आधी उडतं. लेव्हल खाली जायला हवी, स्ट्रेंथ वाढायला हवी. इथे लेव्हल तशीच आणि स्ट्रेंथ खाली. कोणीतरी थोडं थोडं काढून दर वेळी पाणी घातलंय. दादांनाही हे कळतं, सर. ते मुद्दाम..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

त्याच्या घरून आणलेला नमुना आणि तक्रारदारांच्या घरचा नमुना जुळले, म्हणजे पार्टीतली बाटली नमुन्याचीच होती. मी त्याला जाऊ दिलं आणि विचार करत बसलो. विकणारा चोर पातळी सांभाळत नाही, मिळेल ते घेऊन मोकळा होतो. पाणी भरून पातळी सांभाळतो तो पुन्हा येणारा असतो. पॅट्रोलवर असताना असली पाणी घातलेली बाटली मी पुष्कळ घरांत पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी हात घरातल्याच माणसाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारदारांच्या पत्नीला गोदामात भेटलो. गणपतीत सगळ्या मंडळाचे मोदक करणाऱ्या, मृदू बोलणाऱ्या बाई. मी म्हणालो, "वहिनी, नमुना कसा काढतात ते मला कळत नाही. तुम्ही दाखवाल?"

त्यांनी लाकडी हातोडा उचलला. बुचाच्या दोन्ही बाजूंना नेमके टोले दिले, बूच अलगद वर आलं. तांब्याची लांब नळी आत सोडली, वरच्या भोकावर अंगठा दाबून बाहेर काढली. एक थेंब सांडला नाही. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि नळी हातात तशीच राहिली.

त्याच बोलू लागल्या.

"मुलं शिकायला गेली. फोन केला की 'बिझी आहे, आई, लेटर.' हे दिवसभर ऑफिसात, आले की लॅपटॉप. आधी नुसती इथे येऊन बसायचे. मग एकदा चाखून बघितली. आता सकाळी घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही."

"आणि पाणी?"

"पातळी उतरलेली दिसली की ह्यांचा जीव खाली-वर व्हायचा. म्हणून भरायचे."

तक्रारदारांना मी ठाण्यात बोलावून सांगितलं. आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "हे रिपोर्टमध्ये येईल का?" एवढंच विचारलं. त्यांनी तक्रार मागे घेतली. पिंप निम्मं भागीदाराचं होतं, त्याला तक्रार करता आली असती. तो म्हणाला, "वहिनींवर? नाही, सर."

मी तक्रारदारांच्या हातात व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. मंडळात बोभाटा होईल म्हणून त्यांनी पत्नीला तिकडे पाठवलंच नाही. घरी बरी होईल म्हणाले. भागीदारावरचा आळ मात्र मंडळात तसाच राहिला, तो दूर करायला कोणी तोंड उघडलं नाही. त्याने नोकरी बदलली आणि तो कॅलिफोर्नियात सांता क्लाराला निघून गेला.

पुढचा उन्हाळा संपायच्या आत बाई गेल्या. यकृत निकामी झालं होतं. मंडळाच्या निरोपात 'हृदयविकाराने' असं लिहिलं होतं.

अंत्यदर्शनाला भागीदार विमानाने आला. लोक त्याला वाट देत बाजूला सरकले, पण कुणी बोललं नाही. तक्रारदारांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यांचे ओठ हलले. तो थांबला. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी मान फिरवली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कोणी आपल्याला चोर शोधायला सांगतो, तेव्हा खरा चोर कोण याची त्याला अनेकदा कुणकुण असते. पोलिसाकडे तो आपल्या माणसाऐवजी दुसरा कोणीतरी मागायला आलेला असतो. मी तो दुसरा दिला नाही, माझ्या कामात कसूर नव्हती. फाइल व्यवस्थित बंद झाली. त्या बाईंना मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.