माझ्या प्रोफाइलवरचा मानपान

एक्कावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदाच स्वतःबद्दल चार चांगले शब्द लिहावे लागले, आणि ते मी भावकी-सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकले.

झालं असं, की मंचरजवळच्या ज्या कोल्ड स्टोरेजवर मी अठरा वर्षं सुपरवायझर होतो, ते मालकाने बंद केलं. चार महिने मी घरी. पहिल्या महिन्यात सुनंदा (माझी बायको) मला बसल्या जागी चहा आणून द्यायची. चौथ्या महिन्यात लसूण सोलायला आणून द्यायला लागली. एवढ्यात नारायणगावकडे भाजीपाल्याचं नवं पॅकहाउस उघडतंय, तिथे मॅनेजर हवाय, असं कळलं. पण कागदावरचा अर्ज चालणार नव्हता. ऑनलाइन प्रोफाइलची लिंक पाठवा, म्हणाले.

पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या श्रुतीने तिकडूनच माझं प्रोफाइल उघडून दिलं. "पप्पा, तुम्ही काय काय केलं ते लिहा. 'मी केलं' असं ठासून."

दोन दिवस खपून मी लिहिलं, 'कोल्ड स्टोरेज सांभाळले. या कामी सर्वांचे मोलाचे सहकार्य लाभले.'

"पप्पा, हे आभारप्रदर्शन झालं. तो ट्रान्सफॉर्मर जळाला होता, ते लिहा ना."

खरंच की. ऐन उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळून तीन दिवस लाइट नव्हती आणि आत शेतकऱ्यांचं बटाट्याचं बियाणं. ते एक पोतंही खराब न होता वाचलं होतं. मग श्रुतीने सांगितलं तसं लिहिलं, 'माझ्या नेतृत्वाखाली सर्व बियाणे सुरक्षित राहिले.' वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. त्या भरात ते ग्रुपवर गेलं.

दहा मिनिटांत अवसरी बुद्रुकहून तानाजीचा फोन. हा माझा मेहुणा, सुनंदाचा भाऊ, त्याचा मंडपाचा धंदा आहे.

"दाजी, वाचलं. लई भारी. फक्त एक सांगा, जनरेटर कुणाचा व्हता?"

"तुझाच की."

"मंग माझं नाव कुठंय?"

फोन ठेवला, तर बोरीहून आमचे थोरले चुलते, अण्णा. "सुभाष, बर्फाच्या लाद्या काय आपोआप चालत आल्या व्हत्या का? माझा पिकअप व्हता त्यो."

आमच्याकडे लग्नपत्रिकेत एखाद्या पावण्याचं नाव राहिलं, तर तो मांडवात येतो पण जेवत नाही. इथे तर तिच्या माहेरचं एकही नाव नाही, म्हणून सुनंदानेच बोलणं टाकलं. (लसूण मात्र येत राहिला.) शेवटी मी बसलो आणि प्रोफाइल नीट, रीतीप्रमाणे केलं. जनरेटर सौजन्य, श्री. तानाजीराव, अवसरी बुद्रुक. बर्फ सौजन्य, श्री. अण्णासाहेब, बोरी बुद्रुक. मग डिझेल आणणारे, पोती हलवणारे, डबे पोचवणारे. एकूण एकोणीस नावं झाली. माझं धरलं तर वीस. पण माझं धरायला जागा उरली नव्हती.

वाटलं, मिटलं. पण तानाजी वर आणि अण्णा खाली, हे अण्णांच्या ध्यानात आलं. ते थेट प्रोफाइलच्या खालीच लिहायला लागले, सगळ्या जगासमोर.

'सोयऱ्याचं नाव वर आन् चुलत्याचं खाली? जनरेटर आला, पण त्याला मंडपाच्या माळा जोडलेल्या. तासभर नुसती लायटिंग लुकलुकत व्हती.'

त्यावर तानाजी, 'अण्णा, तुमचा निम्मा बर्फ वाटंतच वितळला, कारण तुमी मिसळ खायला थांबला. आमचं दाजी तीन दिवस घरी गेलं नाय. दर तासाला तापमान वहीत लिहीत व्हतं.'

अण्णा, 'दाजी तुझा नंतर, पुतण्या माझा आधी. त्यानं दार उघडू दिलं नाय म्हणून बियाणं वाचलं. मला सख्ख्या चुलत्याला बाहेर उभं केलं.'

श्रुतीचा फोन आला. "पप्पा, अर्जाची लिंक गेलीय. ते लोक हे वाचत असतील. पुसा ते."

मी पुसायला गेलो आणि पुसण्याऐवजी अण्णांच्या मिसळीला माझ्याकडून अंगठा गेला. तानाजी खूश, अण्णा खवळले. मी फोन उशीखाली ठेवला आणि नोकरीची आशा सोडून निमूट लसूण जवळ ओढला.

चौथ्या दिवशी पॅकहाउसमधून बोलावणं आलं. समोर एक मॅडम बसलेल्या, हातात त्या भांडणाच्या छापील प्रती. मला वाटलं, पोलिसात देतात की काय.

"हे अण्णा कोण?"

"चुलते."

"यांना खरंच बाहेर उभं केलं होतं?"

"दोन तास," मी खाली मान घालून म्हणालो. "दार उघडलं असतं तर गारवा गेला असता."

मॅडमनी कागद खाली ठेवले. "नेतृत्व सगळेच लिहितात हो. ज्याला मदत केल्याच्या मानावरून माणसं भांडतात, अशा माणसाचा अर्ज हा पहिलाच आलाय. उद्या आमची लाइट गेली, तर तुमच्याकडून किती माणसं येतील?"

"बोलावली तर एकोणीस. न बोलावता चाळीस."

नोकरी लागली! मॅनेजर म्हणून, स्वतंत्र केबिनसकट. निघताना मॅडमनी तानाजीचा नंबर घेतला. माझी नेमणूक एक तारखेपासून होती. त्याचा जनरेटर दुसऱ्याच दिवशी पॅकहाउसच्या फाटकातून आत गेला, वर्षभराच्या बोलीवर. मी रुजू झालो, तेव्हा तो फाटकात उभा राहून नव्या माणसांना सांगत होता, "ह्ये आमचं दाजी. मीच चिकटवलं त्यांना हितं."

चारचौघांत त्याला खोटं पाडावं, म्हणून मी प्रोफाइल उघडलं, सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि गुपचूप मिटलं. त्यात जे लिहिलंय, त्यावरून त्याचंच बरोबर होतं.