फोनवर काही आलं न्हाई

चहा आधी संपवा, मग सांगतो. अर्ध्यात ठसका लागला तर माझ्यावर येऊ नका.

आणि मी हसवायला सांगत नाही, हेही लक्षात घ्या. मला हसवता येत नाही. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर मी उभा राहिलो तो थेट रिटायर होईपर्यंत. शाळा म्हणाल तर सातवी. पण माझ्या गेटमधून पास नसलेला माणूस आत गेला नाही. एकदा मोठ्या साहेबांचा सख्खा मेहुणा उन्हात उभा ठेवला होता. साहेब धावत आले. "अहो, ओळखता ना यांना?" मी म्हणालो, "ओळखतो. पण ओळखीचं तोंड म्हणजे पास न्हाई."

हे वाक्य मी पुढे पुष्कळांना ऐकवलं. जरा जास्तच जणांना ऐकवलं.

गेटवर आमचा आणखी एक नियम होता. ज्याला परत पाठवला, त्याची आत वाच्यता करायची नाही. साहेबाने विचारलं कोण आलं होतं, तर आत गेलेल्यांचीच नावं सांगायची. परत गेला तो आलाच नाही. उगाच साहेबाच्या डोक्याला ताप कशाला?

आता मी चिखलीत राहतो, मुलाकडे. सोसायटीच्या गेटवर बालाजी म्हणून एक गडी आहे. लातूरकडचा, मोठ्या मिशांचा. कोणी पाहुणा आला की तो मोबाइलवर नाव टाकतो. ते वर घरच्या फोनवर येतं. अमुक आलाय, सोडू का? हो किंवा नाही दाबायचं. आमच्या घरातून त्या कामाला फोन कोणाचा? विचारताय काय! माझा.

बालाजी सुरुवातीला ओळखीच्या माणसांना नुसती मान हलवून सोडायचा. मी त्याला गेटवरच उभा करून ते वाक्य ऐकवलं. त्याने मुकाट ऐकून घेतलं. चांगला विद्यार्थी निघाला. किती चांगला, ते कळेलच.

तर गोष्ट माझ्या सुनेची. पल्लवी मोबाइलची ॲप बनवते. नात झाली तेव्हा तिने हिंजवडीची नोकरी सोडली. नात शाळेत जायला लागली, तशी ही घरी बसून स्वतःचं काम शोधू लागली. बरेच दिवस काही मिळेना. कॉम्प्युटर उघडायची, बघायची, मिटायची. मी बोलत नसे, पण बघत होतो.

मग एक काम आलं. चाकणच्या एका कंपनीला कामगारांच्या बसचं ॲप हवं होतं. बस कुठवर आली ते फोनवर दिसलं पाहिजे, म्हणजे पहिल्या शिफ्टचा माणूस नाक्यावर कुडकुडत उभा राहणार नाही. चांगली गोष्ट आहे. मी कुडकुडलोय. कंपनीचे साहेब त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना आमच्याकडे येऊन ॲप बघणार होते. चाललं तर काम पल्लवीचं. नाही चाललं तर दुसरा एक जण टपलेलाच होता.

अडचण एकच होती. कामगारांकडे असतात तसल्या जुन्या फोनवर नकाशाच्या जागी नुसतं पांढरं दिसायचं. म्हणून आदल्या दिवशी तिने कॉम्प्युटरमधली ॲप बनवायची सगळी हत्यारं नवीन करून घेतली. अपडेट म्हणतात त्याला.

सकाळी बघतो तर स्क्रीनवर लालच लाल ओळी.

"काय झालं?"

"अपडेट केलं ना आबा. आता एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. हे नवं झालं, ते जुनं राहिलं."

"माल जायच्या दिवशी मशीन कोण खोलतं का?"

"नाही खोलत, आबा."

"मग?"

"मग काय! खोललं."

पोरगी खमकी आहे. एकेक ओळ वाचायची, काहीतरी बदलायची, पुन्हा चालवून बघायची. दुपारपर्यंत लाल ओळी गेल्या. तिच्या स्वतःच्या फोनवर ॲप चालायला लागलं. नकाशा आला, बस आली. राहिला तो जुना फोन.

तिने माझ्या फोनकडे बघितलं.

मी म्हणालो, "देतो. पण हातातून सोडणार न्हाई."

"आबा, टेबलावर ठेवा ना. बघते मी."

"वायर जोड. फोन माझ्या हातात राहील."

याला कारण होतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मास्तरांना फोनवरून कोणीतरी फसवलं होतं. तेव्हापासून मुलाने मला बजावलं होतं, "आबा, फोनवर अनोळखी कोणी काहीही विचारलं तरी ‘नाही’ दाबायचं." असा हुकूम मला फार वर्षांनी मिळाला होता. बरं वाटलं होतं.

पल्लवीने माझ्यासमोर फोनमध्ये कसलीशी सेटिंग केली. मी नजर ठेवून होतो. झाल्यावर फोन परत घेतला. वायर लांब होती. मी समोरच्या खुर्चीत ताठ बसलो, फोन छातीशी धरून. तिने कॉम्प्युटरवर बटण दाबलं.

माझ्या फोनवर एक चौकट उगवली. यूएसबीवरून ॲप इन्स्टॉल करायचं का? आणि तिथे आकडे उलटे पळत होते. दहा, नऊ, आठ...

मला सांगा, भल्या माणसाला एवढी घाई असते का? मी "नाकारा" दाबलं.

पल्लवी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आं? आबा, फोनवर काही आलं का?"

"काही आलं न्हाई."

मी खोटं बोललो नाही. नियम सांगितला की मघाशी. परत गेला तो आलाच नाही.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट. पुन्हा मी परत पाठवली.

"हे बघा काय म्हणतंय!" ती वैतागली. "युजरने नाकारलं म्हणतंय. कोण युजर? युजर तर मी आहे!"

"त्या डबड्याला काय कळतंय," मी म्हणालो.

शेवटी तिने सागरला फोन लावला. तिच्या जुन्या ऑफिसातला मित्र, काळेवाडीला राहतो. तो गाडीवरून आला. पाठीला बॅग, डोळ्यांत झोप. रात्रपाळी करून आला होता बिचारा.

"नमस्कार काका."

"हं."

तो स्क्रीनवर वाकला. "अगं, ही अपडेटचीच भानगड आहे. नेटवर बघ, जो तो हेच रडतोय. सगळं काढून परत टाकू."

"सगळं? अरे, साहेब येतील!"

"मग जुनं टाकू या का?"

"जुन्यावर नकाशा पांढरा!"

दोघांनी सगळं काढलं. सगळं परत उतरवून घेतलं. पल्लवीने दुपारचं जेवण केलं नाही. वाढून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं होतं. सागर बटण दाबायचा, कपाळावर हात मारायचा, पुन्हा दाबायचा.

आणि माझ्या फोनवर चौकटीवर चौकट! मी एकही आत सोडली नाही. अंगठा दुखायला लागला, पण बोललो नाही. घरात घबराट कशाला? पण मनात हिशेब चालू होता. आधी एखाद-दुसरी चौकट. हा पोरगा घरात आल्यापासून झुंड. नीट बघितलं तर त्याने तिकडे बटण दाबलं की इकडे चौकट! आता जन्मभर गेटवर उभ्या राहिलेल्या माणसाने काय समजायचं?

मी उठलो. वायर पुरेल तेवढा पुढे गेलो.

"बॅग उघड."

"अं?" सागर म्हणाला.

"बॅग. उघड."

"आबा!" पल्लवी ओरडली.

"उघडू दे."

पोराने घाबरून उघडली. जेवणाचा डबा. चार्जर. रेनकोट.

"पुढचा कप्पा."

"काका, तिथे मोजे आहेत."

"दाखव."

त्याने मोजे काढून टेबलावर ठेवले. एकाला अंगठ्याशी भोक होतं. पल्लवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आक्षेपार्ह काही निघालं नाही. मी म्हणालो, "ठीक हाय. कामाला लाग." आणि खुर्चीत जाऊन बसलो.

तेवढ्यात फोनवर गेटची चौकट आली. विनायक जाधव. तुमच्याकडे आलेत. सोडू का?

आमच्या नात्यात, ओळखीत जाधव कोणी नाही. मी समजून चुकलो. वायरीतून जमेना, तेव्हा फसवणाऱ्यांच्या टोळीने आता दाराशी माणूस धाडला. मी ‘नाही’ दाबलं. लगेच पुन्हा विनायक जाधव. मी पुन्हा ‘नाही’ दाबलं. जरा जोरातच.

पल्लवी घड्याळाकडे बघत होती. "साहेब अजून कसे आले नाहीत? आबा, गेटवरून काही आलं?"

"काही आलं न्हाई."

मग तिचा फोन वाजला. "हो सर... नाही सर... सर, असं कसं होईल... सर, एक मिनिट, सर..." तिचा चेहरा पार उतरला.

"जाधव साहेब गेटवर आहेत," ती म्हणाली. "घरून दोनदा ‘नाही’ आलं म्हणतायत. वेळ नसेल तर बोलावलं कशाला, म्हणाले. निघालेत ते."

सकाळपासून घरात "साहेब साहेब" चाललं होतं. नाव काय साहेबांचं, ते मी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. "आबा, फोन."

"कशाला?"

"फोन, आबा."

मी दिला. तिने फोन समोर धरला आणि सागरला म्हणाली, "चालव." त्याने बटण दाबलं. चौकट आली. दहा, नऊ... पल्लवीने हळूच दुसरं बटण दाबलं.

ॲप उघडलं. नकाशा आला. मोशीजवळ पिवळी बस उभी होती. सुरेख दिसत होती.

सागर खुर्चीत मागे टेकला. "काका," तो म्हणाला, "युजर तुम्ही होय!"

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. "दुपारपासून ही चौकट येत होती?"

"येत व्हती."

"आणि तुम्ही?"

"परत पाठवली."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

गेटचा नियम तिला कोणत्या तोंडाने सांगणार? सागर मोजे बॅगेत भरत होता. ती ओरडली असती तर सोसलं असतं. ती झाकलेल्या ताटाकडे बघत उभी राहिली.

मी म्हणालो, "साहेबांना मी आणतो." चप्पल सरकवली आणि निघालो. लिफ्टची वाट बघितली नाही.

साहेब गाडीत बसून काच वर करत होते. मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो आणि सलाम ठोकला. सवयीचा हात, आपोआप उठतो.

"साहेब, चूक माझी हाय. पोरीची न्हाई. तिनं सकाळपासून अन्नाला शिवलेलं न्हाई. काम चोख हाय तिचं. एकदा बघून जावा."

"तुम्ही कोण?"

"तुम्हाला दोनदा परत पाठवलं ना, तो."

साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काच खाली केली, गाडी कडेला लावली आणि उतरले. मोठा माणूस. मी पुढे, ते मागे, असे आम्ही गेटवर आलो.

"आबा, नाव टाकावं लागतंय," बालाजी म्हणाला.

"टाक की."

त्याने टाकलं. वरून लगेच हो आलं. "या सर," म्हणून त्याने साहेबांना आत घेतलं. मी त्यांच्या मागून निघालो, तर त्याने हात आडवा केला.

"थांबा आबा. तुमचं बी टाकलंय."

"अरे, मी हितंच राहतो!"

"ठाव हाय मला."

"मग सोड की!"

बालाजी हसला नाही. मिशीचं टोकही हललं नाही. "वळखीचं तोंड म्हंजे पास न्हाई, आबा. तुमीच सांगितलंय."

फोन माझा वर. माणूस मी खाली. त्याने मोबाइलकडे बघितलं.

"वरनं ‘नाही’ दाबलंय."

"चुकून दाबलं आसंल. पुन्यांदा टाक."

त्याने टाकलं. बघितलं. "पुन्यांदा नाहीच."

साहेब लिफ्टमध्ये शिरताना मला पाठमोरे दिसले. ज्या पिवळ्या बसपायी एवढं झालं, ती साहेबांना दाखवताना बघायची माझी फार इच्छा होती. राहिली.

बालाजीने त्याची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो. ओळखीपाळखीची माणसं येत होती, जात होती. "आबा, इथे कसे?"

"हवा खातोय."

गेटवर बसायची मला काही लाज नाही. पण बाहेरच्या बाजूने बसायची सवय नव्हती.

बऱ्याच वेळाने साहेब खाली आले. चेहरा खुललेला होता. "काम दिलं तुमच्या सूनबाईंना," म्हणाले. "जुन्या फोनवर बस अशी पळते बघा! पण तुम्ही अजून बाहेरच?"

मी उभा राहून सलाम केला. दुसरं काय करणार?

साहेबांची गाडी वळली, तेव्हा बालाजीने न सांगता तिसऱ्यांदा माझं नाव टाकलं. या वेळी वरून हो आलं.

वर गेलो. सागर भजी खात होता, मोजे पायांत होते. पल्लवी जेवायला बसली होती. माझा फोन तिच्या ताटाशेजारी होता, वायर काढलेली. मी विचारलं, "पल्लवी, मघाशी माझं नाव दोनदा आलं आसंल की फोनवर?"

तिने घास कालवला. वर बघितलं नाही.

"काही आलं न्हाई, आबा."