हवा सांगणारे काका

“मॅडमले नोका विचारू. त्याईचं मतदान गुप्त असते, अन् बोलनंबी.”

ऑटो चालवणारे काका पुढून कुणाला तरी सांगत होते. ऑटोतले सगळे हसले. मॅडम म्हणजे मी. मीही हसले, पण तोंड बाहेर वळवून.

कामठा ते गोंदिया या लाइनवर मी रोज त्यांच्या ऑटोने जायचे. गोंदियाच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. तिथंही फारसं बोलावं लागत नाही. निवडणुकीचे दिवस आले की काका सीटवर बसल्याबसल्या आरसा नीट करायचे, मागच्या एकेकाकडे बघायचे आणि विचारायचे, “हवा कोनाची?” उत्तराची वाट ते बघत नसत. रेल्वे फाटक येईपर्यंत ते स्वतःच दिल्लीपासून आमच्या चौकापर्यंतची हवा सांगून मोकळे होत.

असा एक माणूस तुमच्याही गावात असेल. बहुतेकांना कुठल्या तरी पक्षाचं वेड असतं. काकांना पक्ष नव्हता. त्यांना फक्त बघायचं असायचं. प्रचारात वाटलेले गमछे लोक कसे वापरतात, यावर त्यांचा सगळा अंदाज. “गळ्यात हाय तवरी तो भाड्याचा,” ते म्हणायचे. “घरच्या दोरीवर धुऊन वाळला, का समजा मत त्या पक्षाले गेलं.” कधीकधी ते भर रस्त्यात ऑटो हळू करून लोकांच्या दोऱ्या बघत जायचे. मग माझ्या शेजारी बसलेली मावशी ओरडायची, “अरे, लोकाईचे लुगडे काय बघून राहिला? रस्ता बघ!” ही मावशी वळलेल्या बिड्यांची टोपली घेऊन रोज गोंदियाला जायची. काकांना अरे-तुरे करणारी ती एकटीच.

स्टँडवर सवाऱ्या भरेपर्यंत काका मोबाइलवर बातम्या बघत. एकदा त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुमी इंग्लिशवाल्या. अमेरिकेत निवडनूक होऊन राहिली, अन् एकाच पक्षाचे चार-पाच झन एकमेकाले शिव्या देऊन राहिले. असं काऊन?”

त्या ऑटोतलं माझं सगळ्यात लांब वाक्य मी त्या दिवशी बोलले. “काका, ती उमेदवार ठरवायची निवडणूक असते. पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं, हे तिथं आधी लोक मत देऊन ठरवतात.”

“लोक?” ते मागे वळले. “तिकीट लोक देतात?”

फाटकापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मावशीने त्यांना ताप आला का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळ्या लाइनला ते एकच गोष्ट सांगत सुटले. “आमच्या मॅडम सांगतात…” अशी सुरुवात झाली की मी पर्स घट्ट धरायचे. आमच्या घरी बाबांचा नियम आहे, दुकानात आणि गाडीत राजकारण काढायचं नाही. आमच्या टोलीचं, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीचं, मतदान केंद्र वेगळं आहे. मोजणी झाली की कुठल्या केंद्रातून कुणाला किती मतं पडली हे कळतंच, आणि आमच्याकडे केंद्र म्हणजे आम्हीच. मागच्या एका निकालानंतर टोलीतल्या खांबांवरचे दिवे गेले, ते महिनोन्महिने कुणी लावायला आलं नाही. कुणी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

लोकसभेचा प्रचार सुरू झाला तेव्हा एका उमेदवाराच्या माणसांनी तीन ऑटो भाड्याने लावले. त्यात काकांचा एक. दोन्ही बाजूंना बॅनर, टपावर भोंगा, आत पेनड्राइव्हवर गाणं. तिन्ही ऑटो अगदी एकसारखे. एका दुपारी तिन्ही ऑटोंतलं गाणं अडकायला लागलं आणि कार्यकर्त्याने तिघांच्याही हातात माईक दिला. काकांना म्हणाला, “तूच बोल. तुझं तोंड तर चालूच असते.”

प्रचाराच्या ऑटोत सवारी घ्यायची नाही असं बजावलं होतं. तरी त्या संध्याकाळी त्यांनी मावशीला आणि मला बसवून घेतलं. एका हाताने ऑटो चालवत, दुसऱ्या हातात माईक धरून ते बोलत होते, “बंधू-भगिनींनो, प्रचंड मतांनी विजयी करा!” आवाज त्यांचा वाटतच नव्हता. चौकात म्हशी आडव्या आल्या. ऑटो थांबला. पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, “काय गा, हवा कोनाची?”

त्यांचाच प्रश्न त्यांना कुणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. सवयीने काकांनी आरसा नीट केला. माईक तोंडाशीच होता.

“याची त नाही बाप्पा! याले तिकीट कोनी देल्लं? इथल्या एका मानसाले तरी विचारलं का? आमच्या मॅडम सांगतात, अमेरिकेत…”

समोरच्या राइस मिलच्या भिंतीवरून अमेरिका परत आली.

“मुडद्या, माईक!” मावशीने टोपली आपटली.

चौक हसला. अगदी मोठ्याने, एकदाच. आणि मग आपल्याला हसताना कुणी बघितलं का, म्हणून जो तो मागे वळून बघू लागला. पानठेल्याची फळी खाली आली. चौकापलीकडे, प्रचार कार्यालयाच्या बाजूला, मोटरसायकलला किक बसली. काकांनी बटण बंद केलं आणि ऑटो गल्लीत घातला.

प्रचार कार्यालयाने तिन्ही ऑटो कामावरून काढले आणि चौकशी केली. तिन्ही ऑटोवाल्यांनी “मी नव्हतो” म्हणून सांगितलं. चौकातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. विचारल्यावर कुणीच पाहिलेलं नव्हतं. काकांनी त्यानंतर हवा विचारली नाही. आरसा त्यांनी वर करून ठेवला, त्यात फक्त टपाचं रेक्झिन दिसायचं. मागून मोटरसायकलचा हॉर्न वाजला की ते ऑटो रस्त्याच्या खाली उतरवायचे आणि ती पुढे जाईपर्यंत थांबायचे. त्यांची बायको सकाळी कोपऱ्यापर्यंत येऊ लागली. ऑटो वळेपर्यंत ती तिथेच उभी दिसायची.

मतदानानंतर ते या लाइनवर दिसले नाहीत. दवनीवाड्याच्या लाइनला चालवतात, असं मावशी सांगते. आता त्यांच्या जागी येणारा मुलगा गाणी लावतो. तिकडे ते आरसा कसा ठेवतात, कोण जाणे. मला आठवते ती मतदानाच्या आधीची एक सकाळ.

स्टँडवरून निघताना गळ्यात प्रचाराचा गमछा घातलेला एक माणूस काकांच्या शेजारी येऊन बसला. वर केलेल्या आरशाकडे त्याने एकदा पाहिलं. मग म्हणाला, “काका, बहुत चुप चल रहे हो. सुना है इस लाइन पे कोई बढ़िया भाषण देता है.”

काका रस्त्याकडे बघत राहिले.

तो मागे वळला. “मावशी, त्या दिवशी भोंग्यावर कोन होता? आवाज वळखला असंल तुमी.”

“मले कमी ऐकू येते बाप्पा,” मावशी म्हणाली. तिला फाटकाच्या कितीतरी आधी गाडीची शिट्टी ऐकू येते.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. “आप मॅडम हो ना? वो भोंगेवाला भी मॅडम-मॅडम कर रहा था.”

बाबा आठवले, टोलीतले खांब आठवले. तेवढ्यात काकांनी हात वर नेला आणि आरसा खाली केला. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे मला दिसले. त्यांनी मान अर्धी वळवली, ओठ उघडले. ते काय बोलणार होते ते मला कळलं. मला सोडवायला ते स्वतःचं नाव घेणार होते.

ते बोलायच्या आत मी बोलले. गरजेपेक्षा मोठ्याने, पुस्तकातल्यासारख्या माझ्या मराठीत.

“हे काका? मी रोज येते यांच्या ऑटोत. यांनी आजवर मला कुठं उतरायचं एवढंसुद्धा विचारलेलं नाही.”