उस्तादांचा खुंटा

उस्तादांना ‘किती वेळ लागेल?’ असं विचारलं की ते ‘मानसं किती?’ असं विचारत, आणि ‘माणसं किती लागतील?’ असं विचारलं की ‘येळ किती देता?’ असं विचारत. सरळ उत्तर त्यांनी कधी कुणाला दिलं असेल तर ते माझ्या ऐकिवात नाही. नव्या माणसाला वाटे, म्हातारा टाळतोय. मलाही तसंच वाटलं होतं आणि तसं मी तोंडावर म्हटलंही होतं, कारण तेव्हा माझी जीभ फार उतावीळ होती. उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, “येळ एकटा नसतो ताई. त्याच्यासंगं दोघं असतेत, काम आन् मानसं. दोन सांगा, तिसरा आपोआप येतो.”

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात ते भट्टीचं लायनिंग करायचे. लायनिंग म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर. पांढरी कोरडी पूड थराथराने ठोकून बसवायची, मग आत लोखंड भरून, ते हळूहळू तापवत ती भाजून पक्की करायची. अस्तराच्या आत वितळलेलं लोखंड, बाहेर तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि त्या नळीतून सतत वाहणारं पाणी. दोघांच्या मध्ये वीतभर पांढरी भिंत. लोखंड आणि पाणी यांची गाठ पडली तर छप्पर शिल्लक राहत नाही आणि छपराखालची माणसंही. ती गाठ पडू न देणं हा उस्तादांचा धंदा होता, आणि तो ते तीस वर्षं करत आले होते.

मी बदनापूरहून रोज सकाळच्या गाडीने यायचे. कारखान्याचा नियोजन विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि एक कुरकुरणारा पंखा. कामांची यादी द्यायची, प्रत्येक कामाला माणसं आणि तास लावायचे, की संगणक निळ्या पट्ट्या आखून कोणतं काम कधी संपेल ते सांगतो. संभाजीनगरला याचा कोर्स करून आल्यामुळे मला आपण फार शहाण्या आहोत असं वाटे. घरात टेबल-खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिलीच, त्यामुळे बाकीच्यांनाही तसंच वाटे.

माझ्या पहिल्याच आराखड्यात मी पूड ठोकायच्या कामाला सहा माणसं लावली होती. दोन माणसांना दीड दिवस लागतो, तर सहा माणसांना अर्धा. संगणकाने काही कुरकुर केली नाही. उस्तादांनी कागद बघितला, चष्मा वर सरकवला आणि मला थेट रिकाम्या भट्टीच्या काठावर नेऊन उभं केलं. “आत बघा. दोघं उतरले की तिसऱ्याला पाय टेकायला जागा न्हाई. बाकीचे चौघं कुठं ठिवू, तुमच्या कागदावर?” खाली उभे असलेले सगळे हसले. उस्ताद मात्र नाही. ते मूळचे भोकरदनकडच्या धावड्याचे, बाप मेंढरं राखायचा. त्यांचे दाखले तिकडूनच यायचे. “एका मेंढीला दोघं कातरायला बसले ना ताई, तर लोकर न्हाई, मेंढीच कातरली जाती.”

त्या दिवसापासून मी त्यांना चहाच्या सुट्टीत वर माझ्या खोलीत बोलवायला लागले. मला त्यांच्याकडून भट्टी शिकायची होती आणि त्यांना त्या निळ्या पट्ट्यांचं कुतूहल होतं. मी सांगितलं, काम म्हणजे वेळ गुणिले माणसं. दोन माणसं आठ तास राबली तर सोळा तासांचं काम. या तिघांतलं एक बदललं की संगणकाला दुसरं कुठलं तरी बदलावंच लागतं, नाहीतर गणित जुळत नाही. म्हणून आधी त्याला सांगावं लागतं की यातलं कोणतं पक्कं धरायचं. उस्तादांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “मंजे तीन शेरडं हायेत. एक खुंट्याला बांधायचं, एक आपण वढायचं, मंग तिसरं पळतं.” मला कोर्सला दोन आठवडे लागले होते ते या माणसाने अर्ध्या कपात संपवलं. “आन् तुमी बांधलंच न्हाई तर?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तर संगणक स्वतःच काम बांधून टाकतो, माणसं वाढवली की वेळ कमी होतो. “मंग ते यंत्र लै घातकी हाय,” ते म्हणाले.

पुढे ते त्यांचं पालुपदच झालं. कुणी घाई केली की “खुंट्याला कोण बांधलं?” जेवणाच्या सुट्टीत, पगाराच्या रांगेत, कुठेही. मॅनेजरसाहेबांना हे बिलकुल खपत नसे.

त्यांची दुसरी खूण म्हणजे डब्याचं झाकण. नवं अस्तर भाजायला लागलं की त्यातला ओलावा वाफ होऊन निघतो. तो पुरता निघाल्याशिवाय आच वाढवली तर अस्तराला तडा जातो. हे बघायला कारखान्यात मीटर होते, पण उस्ताद आपल्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण लांब सांडशीत धरून भट्टीच्या काठावर न्यायचे. झाकणावर पाण्याचे थेंब आले तर म्हणायचे, “अजून रडून राह्यली.” झाकण कोरडं निघालं तरच पुढची आच. बारा तास ते आच कमीजास्त करायच्या पॅनेलसमोर लोखंडी स्टुलावर बसत, दर थोड्या वेळाने उठून झाकण धरत, आणि खोकत. पांढऱ्या पुडीत तीस वर्षं तोंडाला नुसती दस्ती बांधून काढल्यावर दुसरं काय होणार? तो खोकला वर माझ्या खोलीत ऐकू यायचा.

त्या खोकल्यापायीच मी ती चूक केली.

लायनिंगचं काम आलं होतं आणि माल वेळेत जाणं निकडीचं होतं. भाजणीच्या ओळीत मी नेहमीसारखे उस्ताद आणि बारा तास लिहिले होते. मग वाटलं, या माणसाला बारा तास एकट्याने का बसवायचं? त्यांचे जोडीदार रफीकभाई वीस वर्षं त्यांच्याबरोबर भट्टीत उतरत आले होते. मी त्या ओळीत रफीकभाईंचं नाव घातलं, आळीपाळीने बसतील म्हणून. आणि खुंट्याला काहीच बांधलं नाही. संगणकाने बारा तासांचं काम दोघांत वाटलं आणि भाजणी सहा तासांची करून टाकली. मला सगळ्या कामाची मिळून पट्टी आखूड झालेली दिसली. वाटलं, वरच्या एखाद्या कामात वेळ वाचला असेल. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. कागद छापून मी मॅनेजरसाहेबांच्या हातात दिला.

सकाळी सहाला भाजणी सुरू झाली. आठ वाजता मी खाली गेले आणि उस्तादांना हट्टाने उठवलं. “आता रफीकभाई बसतील. तुम्ही मागच्या खोलीत पडा जरा.” ते नाही-नाही म्हणत गेले. साडेनऊला खालून आरडाओरडा ऐकू आला.

मी धावत गेले तर उस्ताद पॅनेलसमोर उभे होते आणि रफीकभाई मान खाली घालून बाजूला. मॅनेजरसाहेबांनी कागद दाखवून रफीकभाईंना आच वाढवायला लावली होती. दुपारी बाराला भाजणी संपायची तर वाढवायलाच हवी होती. उस्तादांनी ती येताक्षणी खाली आणली होती आणि आता ते पॅनेलवरून हात काढायला तयार नव्हते.

“कागदावर सहा तास आहेत,” मॅनेजरसाहेब ओरडत होते. “मॅडम हे शिकून आल्या आहेत, तुम्ही नाही!”

कारखान्याचे मालक शेठजीही येऊन उभे राहिले होते. उस्तादांनी झाकण सांडशीत धरून काठावर नेलं आणि शेठजींच्या पुढे आणलं. झाकणावरून पाणी ओघळत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चुकलंय का, असं त्यांनी विचारलं नाही. “ताई,” म्हणाले, “खुंट्याला कोण बांधलंय?”

मी वर गेले, फाईल उघडली आणि ती ओळ बघितली. काम बांधलेलं, वेळ मोकळा. रफीकभाईंचं नाव आलं आणि सहा तास पळून गेले. जिना उतरताना मला आठवत होतं की मला कायम करायचं पत्र याच महिन्यात निघणार आहे, आणि ‘बघावं लागेल’ एवढं म्हटलं तरी पुरेल. खाली अकरा माणसं उभी होती. मला त्यांची मोजदाद अजून आठवते, कारण मी ती मुद्दाम केली.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “भाजणीला बाराच तास लागतात. कागद चुकीचा आहे.”

“आत्ता सांगताय?” मॅनेजरसाहेब म्हणाले. हातातला कागद त्यांनी उस्तादांच्या स्टुलावर टाकला.

शेठजींनी उस्तादांना एवढंच विचारलं, “आता काय करायचं?”

“तासभर आच जादा लागली. आतून तडा गेला का न्हाई, ते भट्टीच सांगन. आच एकदम तोडली तर तडा आनखी वाढन. मानूस एकच ठिवायचा. बाकी समदे भायेर.”

“आणि वेळ?”

“येळ इचारू नका शेठजी. आज तो बांधायचा हाय.”

शेठजींनी तिथेच फोन लावून गिऱ्हाइकाला सांगितलं की माल आज निघणार नाही. आम्ही सगळे गेटजवळच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिलो. रफीकभाई दोनदा आत जायला निघाले, दोन्ही वेळा उस्तादांनी आतून हात करून त्यांना परत पाठवलं. पॅनेलवर एक काटा होता. अस्तर फुटून लोखंड वेटोळ्याकडे सरकलं तर तो हलणार, आणि हलल्यावर पळायला किती वेळ मिळेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दुपारभर उघड्या दारातून आम्हाला स्टुलावरची त्यांची पाठ दिसत होती. ते खोकले की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. मला त्या खोकल्याची भीती वाटत होती आणि तो थांबला की आणखीच वाटत होती.

दिवस मावळता मावळता ते दारात आले. हातात झाकण होतं. त्यांनी ते आमच्याकडे उलटं करून दाखवलं. कोरडं होतं. रफीकभाई जे रडायला लागले ते थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी मला बोलावलं. मी राजीनामा लिहूनच नेला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, “ते खुंट्याचं काय आहे, ते मला दाखवा.” रफीकभाईंचं नाव मी का घातलं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? उस्तादांनीही विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी त्यांच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पूड आहे, आता निघायची नाही. त्यानंतर कारखान्यात सगळ्यांना चांगले मास्क आले. त्यानंतर. हा शब्द मला अजून टोचतो, कारण आराखडे मीच करत होते आणि मास्कची ओळ माझ्या एकाही आराखड्यात नव्हती.

मी धावड्याला गेले तेव्हा ते ओसरीवर खाटेला टेकून बसले होते. फार वाळले होते. काकूंनी चहा ठेवला. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, संभाजीनगरला छातीचे मोठे डॉक्टर आहेत, मुंबईहून आणखी एक महिन्याला येतात, शेठजी गाडी देतायत, आपण दोन्ही डॉक्टरांना दाखवू, रफीकभाई बरोबर येतील, मीही येते.

उस्ताद हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

“परत मानसं वाढवून राह्यल्या तुमी,” ते म्हणाले.

डॉक्टरांच्या नावांची चिठ्ठी मी परत पर्समध्ये ठेवली.

“आता येळ बांधलेला हाय ताई. गाठ लै पक्की हाय, कितीबी मानसं आणा.” मग त्यांनी काकूंना खूण केली. काकूंनी आतून त्यांचा जेवणाचा डबा आणला. त्यात चार घड्या घातलेला एक कागद होता, माझाच, तो चुकीचा आराखडा. भाजणीच्या आखूड निळ्या पट्टीपुढे दोन नावं होती.

“रफीकचं नाव काहून लिवलं, ते मला तवाच कळलं होतं,” उस्ताद म्हणाले. “तीस साल भट्टीवर काढले. माझ्या जागेवर बसायला दुसरा मानूस कुनी लिवला नव्हता. त्या दिशी मी दीड घंटा झोपलो. भट्टी तापून राह्यली आन् मी झोपलो, असा तो एकच दिस. लै चांगली झोप लागल्ती, ताई.”