पाचवा उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर असताना येशूनं सात वेळा तोंड उघडलं. त्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं, असा जुना रिवाज. मुरुमची आमची मंडळी लहान, चाळीसेक माणसांची. पाळकसाहेब उमरग्याहून येतात, तेही दर रविवारी नाही. सात बोलणारे गोळा करताना पंचकमिटीची दमछाक व्हायची आणि शाळामास्तर म्हणून माझं नाव आधीच ठरलेलं असायचं. माझ्याकडं पाचवा उद्गार यायचा, तहान लागल्याचा. बाकीच्यांना तो नको असे. त्यात बोलण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटायचं.

मला तो आवडायचा. तरुणपणी मी सोलापूरला धर्मशिक्षणाच्या उन्हाळी वर्गाला गेलो होतो. तिथं शिकवलं होतं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. दोन्ही एकाच ठिकाणी, पण एकमेकांत कालवलेले नाहीत आणि तोडताही येत नाहीत. परत आल्यावर मी चर्चमध्ये दूधसाखरेचं उदाहरण दिलं. त्या वेळचे वयस्कर पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, साखर विरघळली की दिसत नाही. प्रभूचं माणूसपण विरघळलं नव्हतं. ते उदाहरण पुन्हा देऊ नका."

मी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढं दरवर्षी नीट बोललो. ज्यानं नद्या केल्या त्यालाच तहान लागली. देव म्हणून त्याला ठाऊक होतं की सगळं पुरं होत आलंय, आणि माणूस म्हणून त्याचा घसा सुकला होता. लोक माना डोलवायचे. बायको घरी आल्यावर म्हणायची, "झ्याक बोललात. पर लांबवलंत जरा."

मी निवृत्त झाल्यानंतरच्या फेब्रुवारीत, एका सकाळी अंगणात तूर पाखडताना तिच्या हातातलं सूप सुटलं. मी आतून आलो तर ती त्या सुपाकडं बघत होती, आणि ते उचलायचं कसं हे तिला कळत नव्हतं. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, जड पण समजेल असं. गिळणं आलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर घसा काढून दाखवला. "दोन वाटा असतात, काका. एक अन्नाची, एक श्वासाची. त्यांच्या श्वासाच्या वाटेवरचं झाकण नीट लागत नाही. घोटभर पाणी दिलं तरी ते फुप्फुसात उतरेल. तोंडानं काही द्यायचं नाही. पाणी तर मुळीच नाही."

नाकात नळी घालूनच तिला घरी पाठवलं. दर अडीच तासांनी मी त्या नळीतून पेज, डाळीचं पाणी, ताक सोडायचो. साधं पाणीही त्यातूनच. शरीराला कमी पडत नव्हतं. पण तिला समजावायला गेलो की ती म्हणायची, "पोटाला पोचतंय. तोंडाला न्हाय ठाव."

आम्हाला मूलबाळ नाही. शेजारच्या जंगमाच्या घरातल्या अक्का रोज येऊन बसत. वेणी घालत, कूस बदलायला हात देत. बाकी सगळं माझ्याकडं. सकाळी उठल्यावर ती हळूच सुरुवात करायची, "अहो, वाईच पाणी." मी कापसाचा बोळा भिजवायचो, घट्ट पिळायचो आणि तिच्या ओठांवरून, जिभेवरून फिरवायचो. ती डाव्या बाजूच्या दातांत तो पकडायची आणि चोखायला बघायची. मला तो ओढून काढावा लागायचा. दिवसातून किती वेळा काढला असेल, सांगता येत नाही. माठ मी परसात नेऊन ठेवला. पाणी प्यायला तिथंच जायचो आणि तोंड पुसून आत यायचो.

"गुरुजी, एक घोट दिला तर काय बिघडतंय?" अक्का म्हणाल्या. "जीव तरी थंड व्हईल."

मी त्यांना दोन वाटा समजावून सांगितल्या.

"आमच्यात जाणाऱ्याला आधी पाणी पाजत्यात."

"ती जात नाही, अक्का," मी म्हणालो.

पाळकसाहेब आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. मी तर रोजच करत होतो. प्रत्येक आमेननंतर ती डोळे मिटून थुंकी गिळून बघायची. मग खोकल्याची उबळ यायची, चेहरा काळानिळा व्हायचा, आणि मी तिची पाठ धरून बसायचो. पुढं पुढं मी तिच्यासमोर प्रार्थना करायचंच सोडलं. परसात जाऊन करायचो.

एका दुपारी तिनं विचारलं, "येशू देव हुता न्हवं?"

"होता."

"मग पाणी कुणाला मागितलं त्यानं?"

"तेव्हा तो माणूस म्हणून बोलत होता." मी वर्गात सांगावं तसं सांगू लागलो. "देवाला तहान लागत नाही. त्यानं आपल्यासारखं शरीर घेतलं, म्हणून लागली."

तिनं वर पत्र्याकडं पाहिलं. "पर त्याला म्होरचं ठाव हुतं. तीन दिसांनी उठायचंय, हे ठाव हुतं."

"होतं."

"मग ती माझ्यासारखी तहान न्हाय."

"तहान ती तहानच असते," मी म्हणालो.

"तुमी कवा प्यालात आज?"

दहा मिनिटांपूर्वीच प्यालो होतो. मी बोळा भिजवायला उठलो.

उत्तम शुक्रवार आला तेव्हा तिला घरी आणून पाच आठवडे झाले होते. आदल्या रविवारी पाळकसाहेब घरी आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "या वर्षी मला वेगळा उद्गार द्या. नाहीतर वगळा."

"यादी वाचून झालीय, गुरुजी. आणि यंदा तो तुम्हीच बोलावा असं मला वाटतं."

खाटेवरून ती म्हणाली, "जातील ते."

अक्कांना तिच्यापाशी बसवलं. पाणी द्यायचं नाही, असं दोनदा बजावलं आणि निघालो. माझी पाळी आली तेव्हा मी शास्त्रातला तेवढा भाग वाचला. समोर वही उघडी होती, त्यात जुनी सगळी वाक्यं होती. त्यांतलं एकही मला उच्चारता येईना. मी म्हणालो, "माझी बायको पाच आठवडे पाणी मागतेय आणि मी देत नाही. देता येत नाही. प्रभू देव आणि माणूस दोन्ही होता, असं मी इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं. ते खरंच आहे. पण आज मला त्यातलं काही समजावून सांगता येत नाही. त्याला तहान लागली होती, एवढंच सांगतो." आणि खाली बसलो. गीत सुरू व्हायला वेळ लागला, कारण पेटीवाल्याला मी इतक्यात संपवेन असं वाटलं नव्हतं.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी गाठलं. "गुरुजी, बोलण्यात माणूसपण आलं. देवपण सांगायचं राहिलं."

"मी ते मानतो, साहेब. पण ते कुठं धरायचं, हे मला कळेनासं झालंय."

त्यांनी माझा हात हातात घेतला.

घरी ती जागी होती. त्या दिवशी तिनं पाणी मागितलं नाही. "काय बोललात?" म्हणाली. मी सांगितलं.

"लोकांम्होरं माझं कशाला काढलंत?" ती चिडली. थोड्या वेळानं म्हणाली, "लांबवलं न्हाय म्हंजे."

मेच्या मध्यावर तिला ताप भरला, श्वास घरघरू लागला. पुन्हा सोलापूर. त्याच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तोंडानं पाणी दिलं होतं का?"

"नाही. एकदाही नाही."

"तुमचं काही चुकलं नाही, काका. कधी कधी स्वतःची लाळच खाली उतरते. ती कुणालाच थांबवता येत नाही."

म्हणजे जे टाळण्यासाठी मी इतके दिवस तिच्या दातांतून कापूस ओढला, ते तसंही होणारच होतं. पाणी दिलं असतं तर कदाचित थोडं लवकर झालं असतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. राग कुणावर काढावा हेही समजेना.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता द्यायचं असेल तर चमच्यानं द्या. आता बंदी नाही." मी पाणी आणलं, तिचं डोकं हातावर घेतलं आणि विचारलं, "पाणी हवं का?" इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच विचारत होतो. तिचे डोळे अर्धे उघडे होते. चमचाभर ओतलं, ते ओठांच्या कडेनं उशीवर गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मुरुमच्या आमच्या दफनभूमीत माती द्यायला अक्काही आल्या होत्या. सगळे पांगल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "गुरुजी, तुमी त्या शुक्रवारी देवळात गेलावता, तवा म्या बोळा पिळला न्हवता. दोनदा चोखू दिला. खोकली न्हाय. हसली. तुमाला सांगू नका म्हणली."

राग आला नाही. ते माझ्या हातून झालं नाही, एवढंच मनात येत राहिलं. "बरं केलंत," असं म्हणावं असं वाटलं, पण तेही तोंडातून निघालं नाही. अक्का पदरानं डोळे पुसत निघून गेल्या.

पुढच्या वर्षी पंचकमिटीनं पाचवा उद्गार बँकेतल्या एका तरुण कारकुनाला दिला. तो तयारी करून आला होता. देव कुठं, माणूस कुठं, सगळं त्यानं सोडवून सांगितलं. ऐकताना मला कुठंही चूक सापडली नाही. उपासना संपल्यावर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "गुरुजी, काही राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर होतं."

मग आम्ही दोघांनी मिळून चटया गुंडाळल्या.