बिनखिशाचा सदरा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही — आणि मी तर न घडलेल्या गोष्टीसुद्धा दहादा सांगणारा माणूस! जळकोटच्या कुठल्याही हाटेलात विचारा. उमरीजवळची आमची समतावाडी कशी बुडाली, हे मी किती वर्षं रंगवून सांगत आलोय. कधी गोदावरीला पूर आणतो, कधी दोनशे रानडुकरं. लोक वरून चहा पाजतात.

खरं काय होतं? बावीस माणसं, एक चूल, कुलूप एकही नाही. भास्करसरांनी मास्तरकी सोडून स्वतःच्या रानात ही वसाहत मांडली होती. त्यांचं म्हणणं — खिसा आला की 'माझं' आलं. म्हणून आमच्यातलाच सलीमभाई, नांदेडचा शिंपी, एकाच ताग्यातून सगळ्यांना बिनखिशाचे सदरे शिवायचा. रुमाल ठेवायला जागा न्हाई, पण छाती अशी फुगायची की काज उसवावं!

आणि मी? मी सलीमभाईला हळूच म्हणालो, "भाई, आतून एक चोरखिसा लाव की."

"क्या रखता रे उसमें? दुनिया?" तो हसला. पण लावला. माझ्यावर लई जीव होता त्याचा.

काय ठेवायचो — गुळाचा खडा. सगळ्यांच्या मडक्यातला. हसताय? हसा. मीही हसायचो.

एकदा धुण्याच्या ढिगाला मुंग्या लागल्या. लाखभर — बरं, शंभरेक. सदरा उलटला, खिसा निघाला. सदरे सगळे सारखे, मग कुणाचा कसं कळणार? शिवणारा मात्र एकच. चिंचेखाली बैठक बसली. सरांनी विचारलं, "सलीमभाई, कुणासाठी शिवलात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गलती मेरी है, सर."

त्याला वाडीतून काढायचं का, हात वर करा, म्हणाले सर. पहिला हात कुणाचा गेला असेल? — व्हय, माझाच.

शिवणयंत्र सायकलला बांधून तो गेला. मग आम्ही जाता-येता एकमेकांचे सदरे चाचपू लागलो. पुढं चुलीच्या खोलीला कुलूप लागलं. दिवाळीला वाडीत सर एकटेच होते.

सलीमभाई अजून नांदेडला शिवतो. माझे सदरे त्याच्याकडेच असतात. दर खेपेला माप घेताना विचारतो, "खिसा किधर लगाऊं, भाऊ?"

"बाहेरून," मी म्हणतो. तो चष्म्यावरून बघतो, हसतो, खडूनं खूण करतो. त्यापुढं आम्ही कधी गेलो नाही.

पूर आला नव्हता. रानडुकरंही नव्हती. मी होतो.